खाडीकाठचे मांडे

शनवाऱ्याच्या चौकात दांडीची काळी सायकल, कॅरिअरवर आडवं बांधलेलं स्कूटरचं जुनं टायर, त्या टायरात पालथं बसवलेलं भलंमोठं मातीचं खापर आणि साडीचा काचा मारून ताठ बसलेली एकसष्ट वर्षांची बाई दिसली, की बऱ्हाणपुरात लोक एकमेकांना विचारतात, "आज कोणाकडे मांडे आहेत?"

ती धुरपदाबाई. लग्न असो, बारसं असो, मुलीची पहिली दिवाळी असो, मांडे करायला तिलाच बोलावणं येतं. भिजवून वाळवून दळलेल्या गव्हाचं सपिठ, त्यात पुरण, मग तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. धुरपदाबाईच्या मांड्यातून पलीकडचा माणूस दिसतो म्हणतात. आता असं म्हणणारे निम्मे जेवायला बसलेले असतात, तेव्हा थोडं सोडून द्यावं. पण खोटं नाही.

सायकल तिच्या नवऱ्याची. तो लूमवर कामाला होता. तो गेला तेव्हा धुरपदाबाई बत्तीस वर्षांची होती आणि सायकल अंगणात गंजत पडली होती. त्याच महिन्यात रिक्षातून नेताना तिची दोन खापरं खड्ड्यांत फुटली. तिसरं फुटायच्या आत तिनं सायकल राजघाटाखालच्या वाळूत नेली आणि पहाटे पहाटे, घाटावर धुणेवाल्या यायच्या आधी, पडत पडत शिकली. "पडले तर वाळूतच पडले," असं ती सांगते. "रस्त्यावर शिकली असती तर शिकलीच नसती."

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या मार्गशीर्षात धुरपदाबाई खापर मांडीवर घेऊन पार कोकणात, समुद्रापर्यंत जाऊन आली.

तिच्या धाकट्या भावाची, यादवची मुलगी मोनाली. यादवची तुकईथडला केळीची बाग. मुलगी शिकायला पाचवीपासून बारावीपर्यंत आत्याकडे बऱ्हाणपूरला होती. पुढं नर्सिंग केलं, चिपळूणला नोकरी लागली आणि तिथं पंकज नावाच्या लॅबमधल्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. मुलगा जातीबाहेरचा, खाडीकाठचा, घरात रोज मासळी. यादवनं फोनमधून मुलीचा नंबर काढून टाकला. दोन वर्षं झाली. आता मोनालीला मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं.

"आत्या, तू ये फक्त," मोनाली फोनवर म्हणाली. "मांडे नसले तरी चालेल. सच्ची."

हे शेवटचं वाक्य तिनं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. कारण त्यांच्याकडे रीत अशी, की मुलीच्या पहिल्या लेकराच्या बारशाला माहेरचे मांडे पानात पडतात. माहेरचं माणूस येऊन, सासरच्या चुलीवर करून वाढतं. मांडे नसले तर पंगतीतल्या बायका एकमेकींकडे बघतात, आणि कोणी विचारत नाही, तरी सगळ्यांना कळतं की हिला माहेर उरलेलं नाही.

धुरपदाबाई दुसऱ्याच दिवशी बसनं तुकईथडला गेली. यादव बागेच्या तोंडाशी केळीचे घड मोजून घेत होता.

"येतो का रविवारी?"

"कटाई चालू आहे आक्का. दिल्लीची गाडी भरायची आहे."

"बारा महिने तुझी दिल्लीची गाडीच भरून राहिली."

"तू जाय ना. तुले कोणी अडवलं?"

"जाणार तर मी आहेच. मांडे करीन, तुझ्याकडून म्हणून वाढीन."

"माझं नाव नको घेऊ तिथं," यादव म्हणाला आणि पुन्हा घड मोजायला लागला. आकडा चुकला तसा मजुरावर खेकसला. घरात भावजयीनं मात्र काही न ऐकल्यासारखं करून चण्याची डाळ आणि गुळाची ढेप पिशवीत भरली आणि पिशवीचं तोंड दोनदा गाठ मारून बांधलं.

धुरपदाबाईच्या वापरातल्या खापराला केसाएवढी चीर गेली होती. एवढ्या लांबच्या कामाला ते चालणार नव्हतं. कौतिक कुंभारानं नवं दिलं आणि तिला पाठ असलेलंच पुन्हा बजावलं, "आक्का, वाहत्या पाण्यात रातभर भिजू दे. मग तीन दिवस रोज थोडा थोडा विस्तव वाढव. घाई केली तर तडकेल. आणि भिजवून प्रवास नको करू, ओली माती धक्का सोसत नाही."

म्हणून खापर कोरडंच निघालं. बऱ्हाणपूरहून कल्याण, कल्याणहून पनवेल, पनवेलहून चिपळूण, पुढं गुहागरची एसटी. गोधडीत गुंडाळलेलं खापर सगळी वाट तिच्या मांडीवर होतं. गाडीत एका बाईनं "बाळ किती महिन्यांचं?" म्हणून विचारलं, तेव्हा धुरपदाबाईनं गोधडीचं टोक उचलून दाखवलं आणि पुढची चार स्टेशनं दोघी हसत होत्या.

मंगळवारी दुपारी ती दाभोळच्या खाडीकाठच्या पंकजच्या वाडीत पोचली. घर जांभ्या दगडाचं, पुढं अंगण, त्याला तिथं खळं म्हणतात, मागं माड. मोनाली दारात आली, आत्याच्या गळ्यात पडली आणि रडली. बाळ झोपलं होतं. मोनालीची सासू प्रतिभा पन्नाशीची, हाडकुळी, बोलायला तुटक. तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि गोधडीतून निघालेल्या खापराकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांबून मडकं आणलंत? आमच्याकडे भांडी आहेत हो."

"भांडं नाही विहीणबाई. मांड्याचं खापर."

"बरं," प्रतिभा म्हणाली आणि मासे साफ करायला मागं गेली.

त्या 'बरं'चा धुरपदाबाईला राग आला नाही, पण एक झालं. त्या बाईला काही विचारायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. साडेचारच्या सुमारास, उन्हं उतरायला लागल्यावर, ती खापर कडेवर घेऊन एकटीच घराखालच्या पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, खाडीवर उतरली.

खाली पाणी पाहून तिला बरं वाटलं. रुंद, गढूळसर, संथ. पलीकडे डोंगर, अलीकडे दगडी पायऱ्या, पायऱ्यांशी बांधलेल्या होड्या. आपल्या तापीसारखंच की! पावसाळा सरलेला, म्हणजे नदी आता वर चढायची नाही आणि चैत्रापर्यंत फारशी उतरायचीही नाही. तीस वर्षं ती नवं खापर राजघाटाच्या पायरीखाली ठेवत आली होती आणि सकाळी ते जागच्या जागी मिळत आलं होतं. साडी खोचून ती गुडघाभर पाण्यात शिरली. एका होडीच्या आडोशाला, जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय लागणार नाही अशी जागा बघून तिनं खापर ठेवलं, आत दोन दगड घातले, हात जोडले आणि वर आली. पाण्याची चव बघायचं तिच्या मनातही आलं नाही. नदीची चव कोण बघतं?

सकाळी बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्यात नऊ वाजले. मग ती खाली गेली. आणि पायऱ्यांवर उभी राहिली ती उभीच राहिली.

नदी नव्हती. म्हणजे होती, पण पार लांब, मधोमध, एका पट्ट्यात. इथं सगळा चिखल. चिखलात बोटाएवढे खेकडे पळत होते. काल डुलणाऱ्या होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या. तिनं ज्या होडीचा आडोसा धरला होता, ती होडी पाण्याबरोबर सरकत सरकत खाली येऊन बरोब्बर खापरावर बसली होती. फळीखालून लाल तुकडे दिसत होते.

मागून प्रतिभा मासळीची टोपली घेऊन उतरत होती. तिनं एकदा होडीकडे, एकदा विहिणीकडे पाहिलं.

"खाडीत ठेवलंत?"

"नदी आहे ना ही?"

"नदीच. पण समुद्र येतो तिच्यात. दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो."

"मले कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?" प्रतिभा म्हणाली. मग जरा थांबून, "आणि पाणी खारं आहे. होडी बसली नसती तरी विस्तवावर ते टिकलं नसतं, असं मला वाटतं."

हे ऐकून धुरपदाबाईला होडीवरचा राग सोडून द्यावा लागला, आणि दुसरं कोणी रागवायला सापडेना.

मोनालीनं ऐकलं तेव्हा ती बाळाला पाजत होती. "छोड ना आत्या. नसले मांडे तर नसले. इथं कोणाला माहीत आहे मांडे काय असतात?"

"तुले माहीत आहे ना?"

मोनाली बाळाच्या टाळूवरून हात फिरवत बसली. हातपाय धुवायला मोरीकडे जाताना धुरपदाबाईनं वळून पाहिलं, तर मोनाली पदरानं डोळे टिपत होती. तेव्हाच ठरलं.

"पंकजराव, इकडं कुंभार कुठं आहेत?"

पंकज गुहागरात लॅबमध्ये जायला निघाला होता. "वरच्या अंगाला एक कुंभारवाडी आहे, आत्या. पण त्यापेक्षा कढई उलटी घालून केलं तर? युट्यूबवर करतात."

"कढईवर पापड होतो. मांडा नाही होत. सायकल आहे का घरात?"

सायकल होती. पंकजची बहीण पूर्णिमा चिपळूणला कॉलेजात गेल्यापासून ती पडवीत टांगलेली होती, गुलाबी रंगाची, पुढं टोपली. पंकजनं हवा भरली आणि काळजीनं म्हणाला, "चढ आहेत हो. मी बाइकवर सोडतो ना."

"तुम्ही ड्युटीवर जा. मी तुमच्या जन्माआधीपासून चालवून राहिली."

बऱ्हाणपूर सपाट आहे. धुरपदाबाईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेचा पूल. इथं पहिल्याच वळणाला रस्ता असा उभा राहिला की सायकल तिला नेण्याऐवजी तिलाच सायकल न्यावी लागली. बुधवारचा अर्धा दिवस असाच गेला, चढ पायी, उतार बसून. उतारावर ब्रेक दाबून दाबून तिची बोटं दुखली. पण दोन चढ झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पायी चालताना गाव जास्त कळतं. आमराया, काजूच्या बागा, दगडी गडगे, गडग्यावर वाळत घातलेल्या गोधड्या. एका घराच्या खळ्यात सुपाऱ्या वाळत होत्या, तिथल्या बाईनं न विचारता पाणी आणून दिलं.

कुंभारवाडीत एकच कुंभार उरला होता आणि तो गणपती करत होता.

"मांडे म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

धुरपदाबाईनं रस्त्यात उभं राहून, सायकल स्टँडवर लावून, दोन्ही हात पसरून हवेतल्या हवेत मांडा करून दाखवला. कुंभाराची बायको बाहेर येऊन बघत राहिली.

"एवढी मोठी पोळी?" कुंभार म्हणाला. "तेवढं भांडं माझ्या आव्यात मावणार नाही. आजोबा करायचे मोठी. आता माणसं पणत्या मागतात."

गुरुवारी ती दुसऱ्या बाजूला, अंजनवेलकडे गेली. तिथं देवळात जुनी मोठी भांडी आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. ती तांब्याची निघाली. परतताना सड्यावरून, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या माळावरून, पायवाट धरून ती सायकल ढकलत चालली होती आणि माळ एकदम संपला. खाली समुद्र होता.

तोवर तिनं खाडी पाहिली होती, समुद्र नव्हता. तिनं सायकल आडवी घातली आणि कातळावर बसली. वारा पदर धरून ठेवू देईना. लांब एक बोट होती, ती हलत होती की नाही ते कळत नव्हतं. पाण्याला पलीकडचा काठच नाही, हे तिला आधी चुकल्यासारखं वाटलं, जसं एखाद्या घराला मागची भिंत घालायची राहून गेली असावी. मग हळूहळू सवय झाली. टोपलीतली भाकरी आणि ठेचा काढून तिनं तिथंच खाल्ला. तापी सुरतेकडे कुठंतरी समुद्राला मिळते, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आपल्या घाटावरचं पाणी इथं कुठंतरी असणार. यादवच्या केळीतलं पण. हा विचार तिला आवडला आणि लगेच यादवचा राग आला. एवढं पाणी इथवर येऊ शकतं, माणसाला दिल्लीची गाडी आडवी येते.

त्या संध्याकाळी प्रतिभानं वाढताना विचारलं, "मिळालं?"

"नाही."

"उद्या गुहागरला जाऊन बघा. आणि पुढं असगोलीला. तिकडं जुन्या घरांत माळ्यावर, गोठ्यात काय काय पडलेलं असतं." मग ताक वाढता वाढता, "रस्त्यानं चढ आहे. गुहागरपासून पुळणीवरून जा. ओली वाळू कडक असते, सायकल चालते. पण अकरा-बारालाच. तेव्हा पाणी उतरलेलं असेल. नंतर नको."

आणि या वेळी धुरपदाबाईनं विचारलं, "उतरलेलं कळायचं कसं?"

प्रतिभानं पोळपाटावर पिठाच्या बोटानं रेघ मारून सांगितलं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे पाण्याचा जोर कमी, भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते. धुरपदाबाई एकादशी, चतुर्थी मोजत वाढली होती. तिला तिथीवर चालणारं पाणी लगेच समजलं. "हे तर सोपं आहे," ती म्हणाली.

"सोपंच आहे," प्रतिभा म्हणाली. "होडी बसायच्या आधी विचारायचं असतं." आणि दोघीही हसल्या. मोनाली आतून बघत होती.

शुक्रवारी धुरपदाबाई साडेसातला निघाली आणि दहाच्या पुढं गुहागरला पोचली. बाजारात दोन दुकानं पाहिली, माठ मिळाले, नळ लावलेले. ते तिनं हातात घेऊन परत ठेवले. मग सुरूच्या झाडांमधून ती पुळणीवर उतरली.

पाणी लांब गेलं होतं. ओली वाळू घोटलेल्या सारवणासारखी पसरली होती. तिनं सायकल त्यावर घातली, भीत भीत पायडल मारलं, आणि चाक रुतलं नाही. तीस वर्षांपूर्वी राजघाटाच्या वाळूत दर दहा हातांवर पडणारी बाई आता दीड कोस सरळ वाळूवर न पडता चालली होती. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सुरू, पुढं कोणी नाही. एका जागी काचा सुटला म्हणून ती उतरली, काचा मारला, आणि मागं वळून पाहिलं तर आपल्याच चाकाची एक रेघ लांबवर दिसत होती. तिला उगाच लाज वाटली आणि ती पुन्हा बसली.

पाण्याच्या कडेला एक बाई वाकून वाळू उकरत होती. शिंपले काढत होती, तिसऱ्या.

"कुठं चाललीस गो बाय, सायकल घेऊन?"

"खापर शोधायला."

"काय?"

धुरपदाबाईला आता सांगायची सवय झाली होती. खापर, मांडे, बारसं, होडी. गोष्ट होडीशी आल्यावर ती बाई वाळूत बसून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्या सासूच्या बहिणीकडे बघ. असगोलीत, वरच्या वाडीत, विहिरीपाशी घर. ती काय टाकत नाय. फुटकं पण टाकत नाय."

असगोलीच्या वरच्या वाडीला पायऱ्या होत्या. सायकल खाली विहिरीशी ठेवून ती चढली. म्हातारी ऐंशीच्या पुढची, ओटीवर बसून कोकमं निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, उठली आणि गोठ्याकडे चालायला लागली. गोठ्यात गाय नव्हती. कोपऱ्यात पेंढ्याखालून तिनं एक मडकं ओढून काढलं. काळंकुट्ट, घागरीच्या चौपट पोटाचं.

"भात उकडायचं. सासू नि मी दोघी उकडायचो, उकड्या तांदळासाठी. आता सगळं गिरणीत." तिनं काठावरून हात फिरवला. "काठ फुटलाय बघ. तुझ्या काय कामाचं?"

धुरपदाबाई खाली बसली. मडकं पालथं घातलं, बोटाच्या पेरानं बुडावर वाजवलं, कान लावला. एकदा, दोनदा, चारी अंगांनी. आवाज अखंड होता. वर्षानुवर्षं चुलीवर चढलेली माती, तिला भिजवायला नको, तापवायला नको.

"आजी, काठाशी मले काय करायचं? मले बूड पाहिजे."

"मग ने."

"काय देऊ?"

"विकत नाय देत. चुलीवर चढणार आहे ना? ने." म्हातारी पुन्हा कोकमांकडे वळली. मग ओटीवरूनच हाक मारली, "पण मुलीचं नाव काय ठेवलं ते सांगायला ये."

खालच्या पंक्चरवाल्याकडून फाटकं टायर मागून घेऊन धुरपदाबाईनं गुलाबी सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि त्यात मडकं बसवलं. पेंढा भोवती कोंबला. पुळणीवर आली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि सकाळची वाळू पाण्याखाली चालली होती. ती थांबलीही नाही. सरळ डांबरी रस्त्याला लागली. सगळे चढ तर पायी होतेच, उतारही ती पायीच उतरली, एक हात हँडलवर आणि एक हात मागं मडक्यावर. वाडीत पोचली तेव्हा दिवेलागणी होत होती. प्रतिभा पाखाडीच्या तोंडाशी उभी होती, मासळीची वेळ नसताना.

"मिळालं?"

"मिळालं."

प्रतिभानं मडक्याला हात लावून पाहिलं आणि काळे झालेले हात पदराला न पुसता तसेच धरून ठेवले. "शनिवारी मी चूल मांडून देते. खळ्यात मांडू, आत धूर होईल."

रविवारी पहाटे धुरपदाबाई बसली. मागच्या दारी पुरण शिजलं होतं, भावजयीच्या डाळीचं. पण इथली हवा दमट, पीठ लवकर सैल पडत होतं. पहिला मांडा खापरावर टाकताना फाटला. दुसरा फाटला. तिसरा चिकटला. मोनाली बाळाला घेऊन दारात उभी होती. धुरपदाबाईनं पिठात एक मूठ कोरडं पीठ घातलं, गोळा पुन्हा तिंबला आणि तेलाचा हात लावला. चौथा उतरला. जाड उतरला, बऱ्हाणपुरात तिनं तो कोणाला दाखवला नसता, पण अखंड उतरला. पाचवा त्याहून बरा. दहाव्यापर्यंत तिचे हात हवेला सरावले आणि मांडे पातळ व्हायला लागले. खापराला भाताचा किंचित वास होता, तो मांड्याला लागला. तिनं चाखून बघितला आणि वाईट लागत नाही असं ठरवलं.

चिपळूणहून आलेल्या पूर्णिमानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, निशा. कुर्र झालं, घुगऱ्या वाटल्या, पंगत बसली. वाडीतल्या बायका पानातल्या घडीकडे बघायला लागल्या.

"हे काय गो, गव्हाचं घावन?"

"रुमालासारखं आहे."

एकीनं घडी उलगडली, गोड लागल्यावर पुन्हा मिटली आणि पोरासाठी बाजूला ठेवली. मोनालीचं खरंच होतं. मांडे म्हणजे काय, ते नसले तर काय समजायचं, यातलं इथं कोणाला काही माहीत नव्हतं. खळ्यात चुलीशी बसलेली धुरपदाबाई हे सगळं ऐकत होती आणि हातावरचा मांडा फिरवत होती.

तेवढ्यात पंगतीत फिरणारी प्रतिभा थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "टाकू नका हां पानात. सुनेच्या माहेरचं आहे. त्यांच्याकडे रीत आहे तशी. तीन दिवस फिरून, भांडं शोधून केलंय."

एक वयस्क बाई मान वळवून चुलीकडे बघत म्हणाली, "मग ही तिची आई का?"

"आत्या," धुरपदाबाई म्हणाली. मोनाली पानावर बसली होती, तिचा हात घासाशीच थांबला. "आई-बाप तिकडं अडकले. केळीची कटाई चालू आहे ना, गाडी भरायची होती. सोडून येता येत नाही." आपल्या तोंडून यादवचंच वाक्य आलं हे कळायला तिला एक क्षण लागला.

बाई काही विचारणार होती. पण प्रतिभा वाढायचं ताट दुसऱ्या हातात घेत मधेच बोलली, दोन वर्षांत एकही फोन आलेला नाही हे ठाऊक असूनही.

"हो, फोन आला होता ना त्यांचा. येतील पुढं सवडीनं. बागाईतदार माणसं ती, अशी कशी उठून येतील?" आणि त्या बाईच्या पानात तिनं आणखी एक मांडा टाकला. "खा. पुन्हा कधी मिळायचा नाही."

मोनालीनं मान खाली घातली आणि तिचा हात पुन्हा चालायला लागला. तिनं मांड्याची घडी उलगडली नाही, तशीच मोडून खाल्ली, लहानपणी खायची तशी. धुरपदाबाईनं एकवार प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभा तिच्याकडे बघत नव्हती, पंगत बघत होती.

"विहीणबाई, आणखी किती लागतील?"

"अजून सात पानं आहेत," प्रतिभा म्हणाली. "आणि दोन माझ्यासाठी ठेवा."

धुरपदाबाईनं परातीतला पुढचा गोळा उचलला.